आईची स्लीव्ह सर्जरी झाली, गावी आणलंय. खाणं, पाणी, गोळ्या कशा बसवायच्या?

मिरज_पूर्व

नमस्कार मंडळी. आईचं (वय ५४, शुगर आणि बीपी दोन्ही) पुण्यात दुर्बिणीतून स्लीव्हचं (वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याचं) ऑपरेशन झालं. आज नववा दिवस. ताप नाही, टाके कोरडे आहेत, घरात चालते-फिरते. डिस्चार्जच्या कागदावर "१५ दिवस लिक्विड, मग प्युरी, मग सॉफ्ट" एवढंच लिहिलंय आणि सोबतच्या छापील तक्त्यात ब्रोकोली सूप, ओट्स, अ‍ॅव्होकाडो. आमच्या आठवडी बाजारात यातलं काय मिळणार ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून नेमकं विचारतो:

१) दिवसाला दीड लिटर पाणी सांगितलंय, आईचं अर्धा लिटरवर होत नाही. दोन घोट घेतले की छातीत दाटतं म्हणते.
२) आपल्या जेवणातलं काय, कितव्या आठवड्यात, किती? भाकरी कधी?
३) ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची जोडगोळी आणि बीपीची टेल्मिसार्टन-एच आधीसारखीच चालू आहे. सकाळची साखर ९०-९५ येते. चालू ठेवायची का?
४) काय झालं तर घाबरायचं आणि काय झालं तर नाही?
५) मिश्रीची (भाजलेल्या तंबाखूची) सवय आहे. ती थोडी चालेल का, असं आईच विचारतेय.

पाहुणे सफरचंदं आणि शहाळी घेऊन येतायत, तो वेगळाच विषय.

---

आहारकट्टा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर खाली कोणीतरी देईलच, पण ते आजच्या आज बघा. आता खाण्यापिण्याचं.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण ते ऐंशी टक्के भाग कायमचा काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी, त्यात १०० ते १५० मिली मावतं. सध्या आतून सूज असल्यामुळे तेवढंही मावत नाही. आई "दोन घोट" म्हणते ते घोट मोठे असणार. घोट घेऊच नका. सिरपसोबत येणारा मापाचा प्लास्टिकचा पेला घ्या. दर पंधरा मिनिटांना ३० मिली, तेही एकदम नाही, तीन-चार छोट्या घुटक्यांत. तासाला १२० होतात, सकाळी ७ ते रात्री ८ या तेरा तासांत दीड लिटर भरतं. तांब्या-भांडं समोर ठेवून हे कधीच होत नाही. सकाळी दीड लिटरची बाटली भरून ठेवायची आणि त्यातूनच पेला भरायचा, म्हणजे किती गेलं ते दिसतं. पाणी फार गार नको, कोमट बहुतेकांना सोसतं. स्ट्रॉ नको, हवा जाते. सोडा, कोल्ड्रिंक बंद. लघवी गडद पिवळी किंवा दिवसातून दोन-तीनदाच होत असेल तर पाणी कमी पडतंय, मग बाकी सगळं बाजूला ठेवून आधी पाणी.

या दीड लिटरमध्ये ताक, सूप सगळं धरायचं. पंधराव्या दिवसापर्यंत चालेल ते असं: लोणी काढलेलं पातळ ताक गाळून (मिरची-आलं नको, जिरेपूड चिमूटभर), मुगाच्या डाळीचं वरचं पाणी, साय काढलेलं दूध, आणि मांसाहारी असाल तर चिकनचं अळणी. अळणी गार करून वर जमलेली चरबी चमच्याने काढायची, गाळायचं, मग गरम करायचं. पांढरा रस्सा अळणीचाच भाऊ म्हणून कोणी वाटी पुढे करेल. त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस असते, तो नको. हुलग्याचं माडगं उत्तम, पण गूळ न घालता आणि मलमलच्या फडक्यातून गाळून. शहाळ्याचं पाणी अर्धं पाणी मिसळून दिवसाला एक पेला. उसाचा रस आणि सफरचंदाचा ज्यूस पाहुण्यांना द्या.

प्रोटीन दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतं, आणि घोडं इथेच अडतं. डाळीच्या पाण्यात प्रोटीन नावापुरतं असतं, डाळ खाली राहते. म्हणून या टप्प्यात व्हे पावडर लागतेच, त्याला इलाज नाही. एका मापात साधारण २४ ग्रॅम प्रोटीन, ते २०० मिली पाण्यात किंवा दुधात विरघळवून दोन-तीन तासांत छोट्या घुटक्यांनी संपवायचं. दुधाने गुरगुरत असेल किंवा जुलाब होत असतील तर आयसोलेट प्रकारची घ्या, त्यात दुधातली साखर जवळजवळ नसते. बजेट ताणत असेल तर ग्लासभर दुधात ३० ग्रॅम साय नसलेली दूध पावडर मिसळा, दहा ग्रॅमची भर पडते. पण ज्याला दूध पचत नाही त्याला हा मार्ग नाही.

तिसरा-चौथा आठवडा, म्हणजे प्युरी: घट्ट वरण मिक्सरमधून, टांगलेल्या दह्याचा चक्का (साखर न घालता), अंड्याचं मऊ बुर्जीसारखं पण तेल नावाला, शिजवलेला दुधी किंवा भोपळा घोटून. एका वेळी तीन-चार मोठे चमचे, दिवसातून पाच-सहा वेळा. पाचवा-सहावा: मऊ पनीर, उकडलेलं अंडं, मऊ मासा, शिजून गळलेली मुगाची उसळ. मटकी, चवळी अजून थांबू द्या, सालं त्रास देतात. चिकन खिमा करून आणि रसदार. कोरडा तुकडा हमखास अडकतो.

साध्या जेवणावर सहा ते आठ आठवड्यांनी. तेव्हाही वाटीत आधी प्रोटीन, मग भाजी, मग जागा उरली तर भाकरी. एक अंडं ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीर ९, ग्लासभर दूध ६-७, शिजलेलं चिकन ५० ग्रॅम म्हणजे १२-१३. बेरीज करून बघा, दोन अंडी, दोन ग्लास दूध, पनीर आणि चिकन मिळूनही पन्नाशीच्या पुढे फारसं जात नाही. त्यामुळे पावडर लगेच सोडू नका. ज्यांच्या घरी मांस-अंडी नाहीत त्यांनी तर नाहीच.

घास हरभऱ्याच्या दाण्याएवढा, तोंडात पातळ होईपर्यंत चावायचा, आणि अर्ध्या तासात जेवण संपवायचं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही.

---

वॉर्डसिस्टर

चौथ्या प्रश्नावर. हे छापून फ्रिजवर लावा.

नाडी विश्रांतीत १२० च्या वर, ताप १००.४ च्या वर, डाव्या खांद्यात नवीन दुखणं, पोटदुखी वाढत जाणं, दम लागणं. यातलं एक जरी असलं तरी स्टेपलच्या रेषेतून (जठर पिना मारून जिथे बंद केलंय तिथून) गळती होत नाही ना, हे बघावं लागतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हा धोका जास्त. नाडी सगळ्यात आधी बोलते. पोट मऊ आहे, ताप नाही म्हणून नाडीकडे काणाडोळा करू नका. पल्स ऑक्सिमीटर घरात असेल तर सकाळ-संध्याकाळ नाडी लिहून ठेवा. ऑपरेशन केलेल्या युनिटला फोन लावा, पण पुण्याला पोहोचायला चार-पाच तास लागतात, तेव्हा वाट बघत बसू नका. मिरजेत सीटी स्कॅन आणि सर्जन असलेल्या ठिकाणी न्या. डिस्चार्ज कार्ड हातात असू द्या आणि दारातच सांगा की स्लीव्ह झालेली आहे, नाकातून नळी अंदाजाने घालू नका.

एका पोटरीला सूज, दुखणं, गरम लागणं: रक्ताची गाठ असू शकते. पोटात टोचायची इंजेक्शनं दिली असतील तर ती मध्येच सोडू नका. फॉलोअपला पुण्याला जाताना पेठ नाका, कराड, सातारा असं दर तासा-दीड तासाला उतरून पाच मिनिटं चालवा.

आता गावात सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट. उलट्या. एखाद्या वेळी घास अडकून फेसाळ लाळ येणं, उलटी होणं याला घाबरायचं कारण नाही. ते घाईचं किंवा मोठ्या घासाचं लक्षण. पण दोन-तीन दिवस सतत उलट्या, पाणीही टिकत नाही, असं झालं तर शरीरातलं थायमिन म्हणजे बी-वन संपत जातं. साठा मुळातच थोड्या आठवड्यांपुरता असतो. अशा पेशंटला अशक्तपणा म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं की उरलंसुरलं थायमिनही वापरलं जातं आणि मेंदूला इजा होते: एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. ती कायमची राहू शकते. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "बॅरिअ‍ॅट्रिकचा, म्हणजे वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा पेशंट आहे, आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज." साधं नॉर्मल सलाईन चालतं. असं सांगण्यात कमीपणा नाही, रोज असे पेशंट न पाहणाऱ्या डॉक्टरांच्या ते लगेच लक्षात येईलच असं नाही.

मिश्री: नाही. थोडी नाही, सणावाराला नाही. तंबाखूने जखम भरणाऱ्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो, अल्सर होतो, आणि मिश्री लावताना लाळेतून ती पोटात जातेच. बिनतंबाखूची दंतमंजन पावडर आणून द्या. लावण्याची सवय हाताला असते, ती भागते.

पाण्याची घागर, पिठाचा डबा, नातवंडं: पाच किलोच्या वरचं काही चार ते सहा आठवडे नाही. चालणं मात्र रोज, दहा-दहा मिनिटं चार वेळा, पुढे वाढवत.

---

औषधदुकान_विश्रामबाग

तिसरा प्रश्न, आणि तो खरंच आजचा आहे. दिवसाला पाच-सहाशे कॅलरी पोटात जात असताना ग्लिमेपिराइड साखर खाली ढकलत राहतं. सकाळी ९० म्हणजे दुपारी ६० होऊ शकते. फिजिशियनला आत्ता फोन करा, बहुधा ते थांबवतील किंवा बदलतील. घाम, थरथर, साखर ७० च्या खाली दिसली तर पथ्य बघत बसू नका: तीन छोटे चमचे ग्लुकोज थोड्या पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासा. दुसरं, जोडगोळीतलं मेटफॉर्मिन बहुतेक एसआर असतं. गोळ्या कुटून देत असाल, तर हळूहळू सुटणारी गोळी कुटायची नसते. साधं मेटफॉर्मिन वेगळं लिहून घ्या. पॅन्टोप्राझोल (अ‍ॅसिडिटीची गोळी) हीही कुटू नका.

टेल्मिसार्टनपुढचं "एच" म्हणजे लघवी वाढवणारं औषध. पाणी अर्धा लिटर आणि वर हे, म्हणजे उठल्यावर चक्कर. हेही विचारूनच बदला, आपणहून नको. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (शुगरच्याच गोळ्या) घरात शिल्लक असेल तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत चालू करू नका, साखर नॉर्मल दिसत असताना रक्तात आम्ल वाढू शकतं.

अंगदुखीला पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक टाळायचं. दुकानात "अंगदुखीची गोळी" मागितली की यातलीच मिळते, म्हणून नाव सांगून मागा.

व्हिटॅमिन आयुष्यभर. मल्टिव्हिटॅमिन चघळायचं. बी-ट्वेल्व्ह रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम गोळीतून, नाहीतर महिन्याला १००० चं इंजेक्शन. कॅल्शियम १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण लेबल नीट वाचा. "कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ" म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम २१० च. मूळ कॅल्शियमचा आकडा बारीक अक्षरात असतो, तो मोजायचा. एका वेळी ५०० च्या वर नीट शोषलं जात नाही, म्हणून तीन भाग करा. लोहाची गोळी त्यापासून दोन तास लांब, चहापासूनही लांब. व्हिटॅमिन डी ची साठ हजार युनिटची पुडी दर आठवड्याला वर्षानुवर्षं चालवू नका, रक्त तपासून मात्रा ठरते.

पित्ताशय अजून असेल तर अर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड लिहिलंय का बघा. साधारणपणे ३०० मिग्रॅ दोनदा, सहा महिने देतात. वजन झपाट्याने उतरताना खडे होतात म्हणून.

बद्धकोष्ठाला इसबगोल आत्ता नको. पाणी कमी असताना ते नळीत फुगून बसतं. लॅक्टुलोज सिरप डॉक्टरांना विचारून.

---

मिरज_पूर्व

खूप आभार सगळ्यांचे. फिजिशियनशी बोललो, ग्लिमेपिराइड आणि एच दोन्ही बंद, मेटफॉर्मिन साधं ५०० करून दिलंय. पेल्याने पाणी सुरू केलंय. एक राहिलं: भाकरी आमटीत कुस्करून दिली तर लवकर चालेल ना? आणि घरचे द्राक्षवाले आहेत, बेदाणा तर डब्यात कायम.

---

माणदेशी

कुस्करून मऊ केली की आठव्या आठवड्यापासून चालते, पाव भाकरी पुष्कळ. ताज्या मऊ चपातीपेक्षा आणि भातापेक्षा ज्वारीची बरी. ती गोळा होऊन चिकटत नाही.

---

आहारकट्टा

माणदेशींशी निम्मं सहमत. ज्वारी बरी, हे खरं. पण आमटीत बुडवून कुस्करली की ती न चावता घसरते, पोट भरल्याची जाणीव होत नाही आणि खाणं वाढतं. दीड-दोन वर्षांनी वजन परत चढतं ते पुष्कळदा अशाच घसरणाऱ्या खाण्याने: चहात बुडवलेलं बिस्किट, दुपारचा मूठ-मूठ भडंग, फरसाण. त्यामुळे भाकरी कोरडीसर, बारीक तुकडा, झुणका किंवा पनीरबरोबर चावून.

द्राक्षं दोन महिन्यांनंतर, आठ-दहा, एकेक चावून, जेवणानंतर नव्हे, मधल्या वेळेला. बेदाणा टाळा. इतक्या छोट्या जागेत इतकी साखर गेली की अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब. किंवा दोन-तीन तासांनी साखर एकदम खाली. गॅस्ट्रिक बायपासमध्ये (वजन कमी करण्याचं दुसरं ऑपरेशन) हे जास्त होतं, स्लीव्हमध्येही होतं. कंदी पेढा, उकडीचा मोदक, लग्नातली जिलेबी, सगळ्यांना हाच नियम.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतील. मुळं जिवंत असतात, परत येतात. त्या वेळी बायोटिनच्या महागड्या डब्या आणण्याआधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि दिवसाचं प्रोटीन बघा. तपासण्या ३, ६, १२ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी: हिमोग्राम, फेरिटिन, बी-ट्वेल्व्ह, डी, कॅल्शियम आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), अल्ब्युमिन, लिव्हर, तीन महिन्यांची साखर. लोहाची गोळी तपासणीच्या दिवशी सकाळी घेऊ नका, रक्त दिल्यावर घ्या.