नाईटफॉल म्हणजे तिन्हीसांज!

'नाईटफॉल' हा शब्द स्वप्नदोष, म्हणजे झोपेत वीर्य जाणं, या अर्थाने इंग्रजांकडून आला, असं कुणी कुणी म्हणतात. नाही हो, हा अर्थ आपल्याच देशातला. इंग्रजीत नाईटफॉल म्हणजे तिन्हीसांज! ते या प्रकाराला 'वेट ड्रीम' म्हणतात, आणि मनातल्या परमोच्च इच्छेलाही तेच ('ही बातमी म्हणजे संपादकाचं वेट ड्रीम'). आपला 'स्वप्नदोष' तसा वापरला की मात्र निव्वळ टोमणा होतो: 'साहेबांना मंत्रिपदाचा स्वप्नदोष झालाय.' ही सगळी करामत त्या 'दोष'ची. वास्तविक वयात आलेल्या शरीराचा साधा व्यवहार तो. पण आयुर्वेदात शुक्र (वीर्य) हा शरीराचा सातवा धातू, तो गेला की ताकद गेली, या समजुतीवर भिंती रंगवणाऱ्या वैद्यांची दुकानं चालली. १९६० साली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी या धास्तीला 'धात सिंड्रोम' असं नावच देऊन टाकलं.