अ‍ॅडमिरलला दोष देऊ नका, दार्दानेल्स सुरुंगांनी अडवलं

कंदील:
काल तोफखाना यांनी लिहिलं की पहिल्या महायुद्धात, १९१५ ला, दार्दानेल्स, म्हणजे इस्तंबूलकडे नेणारी तुर्कांची चिंचोळी सामुद्रधुनी, पडल्यातच जमा होती, तुर्कांचे गोळे संपले होते, ब्रिटिश अ‍ॅडमिरल द रोबेकनं कच खाल्ली, दुसऱ्या दिवशी परत घुसला असता तर संध्याकाळी इस्तंबूल हातात. हे वाचून रात्री डोळा लागला नाही म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

१८ मार्चला ब्रिटिश-फ्रेंच मिळून १८ मोठ्या युद्धनौका आत शिरल्या. दुपारी फ्रेंचांची बूव्हे मागे वळताना सुरुंगावर गेली आणि दोन-तीन मिनिटांत उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली. मग इनफ्लेक्सिबल जबर जखमी, इरेझिस्टिबल बुडाली, ओशन बुडाली. कुणामुळे? नुसरत नावाचं एक चिमुकलं जहाज. त्यानं दहा दिवस आधी, ८ मार्चच्या पहाटे एरेनकॉय खाडीत २६ सुरुंग टाकले होते, ते पण आडवे नाही तर किनाऱ्याला समांतर, कारण तोफा डागून झाल्या की ही जहाजं उजवीकडे वळून परत जातात हे तुर्कांनी किनाऱ्यावरून नीट बघून ठेवलं होतं. समोरचा बघतोय हेच ज्यांच्या डोक्यात आलं नाही ते अजून एक दिवस थांबून काय करणार होते?

तोफखाना:
म्हणजे जड तोफांचे चिलखत फोडणारे गोळे मोजकेच उरले होते हे खोटं? रॉजर कीज, खुद्द द रोबेकचा चीफ ऑफ स्टाफ, शेवटपर्यंत म्हणत राहिला की परत जाऊया. तो तिथं होता, तुम्ही नव्हता. बहुतेक जहाजं जुनी, आज ना उद्या भंगारात जाणारी, ती गमवायची तयारी ठेवूनच गेले होते ना? मग तीन बुडाल्यावर हातपाय का गाळले? आमच्या कंपनीत २०१७ ला हेच झालं, दीड वर्ष राबून प्रोजेक्ट ऐंशी टक्के झालं, एक क्लायंट ओरडला आणि वरच्यांनी एका मेलवर बंद केलं. सहा जणांच्या नोकऱ्या गेल्या, त्यातला एक मी. शेवटच्या ढकलीला घाबरणारी माणसं मी जवळून बघितलीत, मला शिकवू नका.

कंदील:
तुमच्या नोकरीचं खरंच वाईट वाटलं, पण त्या प्रोजेक्टखाली सुरुंग नव्हते. नुसरतची रांग अकरावी होती हो! आधीच्या दहा रांगा पुढे चिंचोळ्या भागात जशाच्या तशा होत्या, एकही साफ झालेली नव्हती. गोळे संपले संपले म्हणता ते किल्ल्यातल्या जड तोफांचे, टेकड्यांमागून जागा बदलत मारणाऱ्या हॉवित्झर तोफा तर चालूच होत्या, आणि सुरुंग काढणारे ट्रॉलर त्याच फोडत होत्या.

दर्यावर्दी:
मध्ये बोलतो. मर्चंट नेव्हीत होतो, सेकंड मेट म्हणून दार्दानेल्स कितीतरी वेळा केलंय. चनाक्कले शहरासमोर पाणी जेमतेम सव्वा किलोमीटर रुंद, वर जाताना प्रवाह समोरून येतो, आणि पुढे लगेच नारा बर्नूचं वळण. तिथं प्रवाह जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, एका अंगाला ढकलायला लागतो, वाट दाखवायला चढलेला पायलट चहाचा ग्लास खाली ठेवतो आणि ब्रिजवर कुणी चकार शब्द काढत नाही. हे आजच्या इंजिनांवर, रडार असताना, कुणी गोळी मारत नसताना. १९१५ चे ते ट्रॉलर म्हणजे मासेमारीचे, त्यावर बहुतेक खलाशी पण मच्छीमारच, रात्री सर्चलाइटच्या झोतात मागे तार ओढत प्रवाहाविरुद्ध जायचं तर वेग माणसाच्या चालीएवढा. त्यांना भित्रे म्हणणाऱ्यानं एकदा त्या पाण्यात उभं राहून बघावं.

तोफखाना:
ट्रॉलरचं मानलं. तेवढंच. कीजनं नंतर डिस्ट्रॉयरना, म्हणजे छोट्या वेगवान युद्धनौकांना, सुरुंग काढायची तार बसवली, एप्रिलच्या सुरुवातीला ते तयार होते. मग एप्रिलमध्ये का नाही गेले? याचं उत्तर द्या.

कंदील:
देतो. गेले असते तरी काय? १८०७ ला ब्रिटिश अ‍ॅडमिरल डकवर्थ हेच दार्दानेल्स पार करून पार इस्तंबूलपुढे जाऊन उभा राहिला होता. हातात फौज नाही, सुलतान बोलणी लांबवत राहिला, तेवढ्यात तटावर तोफा चढल्या, आणि परत येताना दगडी गोळे खाऊन बाहेर पडला. नुसत्या जहाजांनी शहर ताब्यात येत नाही हे १०८ वर्षं आधी कळलेलं होतं. शेवटी २५ एप्रिलला किनाऱ्यावर, गॅलीपोलीत, फौज उतरवलीच ना? ती जानेवारी १९१६ ला रिकाम्या हातानं परत गेली.

फ्योर्डवाला:
ओस्लोत असतो म्हणून सांगतो. ९ एप्रिल १९४० ला जर्मनांची नवीकोरी युद्धनौका ब्ल्यूशर ओस्लोकडे येताना ड्रोबाकच्या चिंचोळ्या खाडीत पहाटे निवांत शिरली. समोर ऑस्करबोर्ग किल्ल्यात जुनाट क्रुप तोफा, चाळीस वर्षांचे टॉर्पेडो आणि नवखे रिक्रूट. बुडाली.

तोफखाना:
आणि नॉर्वे तरी गेलंच.

फ्योर्डवाला:
गेलं, पण राजा, सरकार आणि बँकेतलं सोनं तेवढ्या वेळात निसटलं. आमच्याकडे याला हरणं म्हणत नाहीत.

जुनीपेटी:
तुमचं चालू द्या, पण दर वेळी गॅलीपोलीवर पानंच्या पानं आणि इराकमधल्या कुतच्या वेढ्यावर एक ओळ नाही याचा मला संताप येतो. गॅलीपोलीत नाक कापलं गेलं ते झाकायलाच लंडनला बगदाद हवं होतं, आणि त्यासाठी कुणाला ढकललं? सहावी पूना डिव्हिजन. त्यातल्या १०३, ११० आणि ११७ मराठा पलटणी. माझे पणजोबा ११० मध्ये, साताऱ्याकडचे. कुतमध्ये १४७ दिवस वेढ्यात, पीठ संपत आलं, घोड्याचं मांस खायला कितीतरी जण तयार नव्हते.

कंदील:
आदर आहे, पण धागा सामुद्रधुनीचा आहे. कुत नदीकाठी. कृपया वेगळा काढा.

जुनीपेटी:
वेगळा काढा? २४ एप्रिल १९१६ ला ज्युलनार नावाची स्टीमर २७० टन रसद घेऊन टायग्रिसमधून कुतकडे निघाली, तुर्कांनी नदीत आडवी तार बांधून ठेवली होती, तीत अडकली. पाचव्या दिवशी कुतमधला आमचा सेनापती टाउनशेंड शरण गेला. चिंचोळं पाणी, समोरचा तयारीत, आणि वरून हुकूम देणारे लांब. अजून कोणता संबंध हवा तुम्हाला? टाउनशेंड पुढे इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला. शिपायांना वाळवंटातून चालवत रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला नेलं. पणजोबा १९१९ ला परत आले. म्हातारपणी पाणी मागताना "सू, सू" करायचे, घरातली पोरं हसायची, पणजी म्हणायची डोक्यावर परिणाम झाला.

कंदील:
ज्युलनारचं लक्षात नव्हतं. माझं चुकलं, वेगळा काढा म्हणायला नको होतं.

दर्यावर्दी:
जुनीपेटी, तुर्कीत पाण्याला सू म्हणतात. आमच्या जहाजावर पायलट चढला की पहिलं तेच मागायचा.

जुनीपेटी:
हे आमच्या घरात आजपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. आजोबा असेपर्यंत कळायला हवं होतं. रात्री आईला फोन करतो.

तोफखाना:
एप्रिलचा माझा मुद्दा अजून तिथंच आहे, कंदील, डकवर्थ आणून तो सुटत नाही. पण आज राहू दे. जुनीपेटी, पणजोबांचं अजून काही आठवत असेल तर इथंच लिहा.