सत्तरच्या दशकातल्या स्टेडियम कॉन्सर्टना इथलं कोणी प्रत्यक्ष गेलं होतं का?

नवखा_गिटारी

नमस्कार मंडळी. इथे त्या काळात अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेले बरेच जण आहेत असं दिसतं म्हणून विचारतोय. मला लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड, द हू या सगळ्या रॉक बँडचं वेड आहे पण जन्मच इतका उशिरा झाला की काही इलाज नाही. नेटवर जेवढे धुरकट व्हिडिओ आहेत ते सगळे पाहून झाले आणि त्यातून फक्त एवढंच कळतं की माणसं खूप होती आणि केस लांब होते. 

मला खरं जाणून घ्यायचंय ते असं, की पन्नास-साठ हजारांच्या गर्दीत पार मागे बसलेल्याला नक्की काय ऐकू यायचं? आत्तासारखे मोठे स्क्रीन नाहीत, म्हणजे दिसायची तर बोंबच असणार. मग लोक एवढे मरमर करून जायचे कशासाठी? तिकीट कसं मिळायचं, दिवसभर काय करायचे, जे आठवेल ते लिहा. आठवण लांबलचक झाली तरी चालेल, उलट लांबलचकच हवी आहे.

सरोवरकाठचा

हा घे एक हात वर. मी ओहायोतल्या क्लीव्हलँडला होतो. तिथे एरी सरोवराच्या अगदी काठाला म्युनिसिपल स्टेडियम होतं, अवाढव्य आणि जुनाट, आता नाहीये, ९६ साली पाडायला घेतलं. तिथे ७४ पासून उन्हाळ्यात 'वर्ल्ड सीरीज ऑफ रॉक' नावाने कॉन्सर्ट व्हायचे, एकेका दिवसात तीन-चार बँड, दुपारपासून रात्रीपर्यंत. पण मी सांगणार आहे ते पिंक फ्लॉइडबद्दल, २५ जून १९७७, कारण त्यांच्या आधी वाजवायला दुसरं कोणी नव्हतं, अख्खी रात्र त्यांचीच.

जागा ठरलेली नसायची. जो आधी आत शिरेल त्याला मैदान, बाकीच्यांना वरचे मजले. त्यामुळे पोरं आदल्या रात्रीच गेटबाहेर झोपायची आणि गेट उघडलं की जी काय पळापळ व्हायची त्यात चपला, चादरी, कूलर सगळं मागे राहायचं. आम्ही शहाणपणा करून उशिरा गेलो आणि वरच्या मजल्यावर बसलो, समोर एक लोखंडी खांब. त्या स्टेडियममध्ये खांबाआडच्या जागा पुष्कळ होत्या, मान वाकडी करून बघायचं.

पण ऐकू काय आलं म्हणशील तर बाबा रे, ते लोक स्पीकर फक्त स्टेजवर ठेवत नसत, प्रेक्षकांच्या चारी बाजूंना ठेवायचे. पहिल्या भागात जानेवारीत आलेला 'ॲनिमल्स' हा अल्बम अख्खा वाजवला आणि त्यात कुत्र्यांचं भुंकणं आमच्या पाठीमागून यायला लागलं तेव्हा शेजारचा एक दाढीवाला खरोखर मागे वळून बघायला लागला. मग ते डुक्कर आलं. फुगवलेलं, प्रचंड, मैदानावरून तरंगत. आता हसू येतं पण तेव्हा अंधारात ऐंशी हजार माणसं वर तोंड करून एका डुकराकडे बघतायत आणि कोणालाच त्यात काही विचित्र वाटत नाहीये. दुसऱ्या भागात 'विश यू वेअर हिअर' हा अल्बम पूर्ण. स्टेजवर मोठाल्या छत्र्याही होत्या, खालून उगवून बँडच्या डोक्यावर उघडायच्या, पावसासाठी. प्रेक्षकांना अर्थात छत्री वगैरे काही नाही 😀

माणसं म्हणून म्हणशील तर चौघंही करंगळीएवढे दिसले, कोण कुठला ते आवाजावरून ओळखायचं. दुर्बीण असलेला माणूस आसपासच्या वीस जणांचा मित्र व्हायचा.

ॲम्पदुरुस्ती

ऐकू येण्याचा मुद्दा जरा नीट सांगतो कारण माझा धंदाच तो होता, नंतर पुढे.

बीटल्स १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमला वाजवले, सुमारे ५५ हजार लोक, आणि त्यांच्याकडे होते काय तर व्हॉक्स कंपनीने खास बनवून दिलेले १०० वॉटचे ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारे ॲम्प्लिफायर. आज एखाद्या पोराच्या खोलीत त्याहून मोठा असतो. गाणं कोणाला ऐकू आलं नाही, त्यांना स्वतःलासुद्धा नाही. सत्तरचं दशक म्हणजे ही गोष्ट सुधारायची धडपड आहे, मी तरी तसंच बघतो. ५ मे १९७३ ला फ्लोरिडातल्या टँपाला झेपलिनने ५६,८०० लोकांचा शो करून बीटल्सचा आकडा मोडला, तोपर्यंत निदान आवाज मागच्या रांगेपर्यंत जात होता.

पण जात होता म्हणजे पोचत कधी होता ते बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेज मैदानाच्या एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या टोकाच्या वरच्या स्टँडमध्ये दीडएकशे मीटरवर, म्हणजे ड्रमरची काठी खाली आलेली दिसते आणि ठोका जवळजवळ अर्ध्या सेकंदाने येतो, वर समोरच्या भिंतीवर आपटून परत एकदा येतो. टाळ्या वाजवायला गेलं की आख्खं स्टेडियम वेगवेगळ्या ठेक्यात. मधे आणखी स्पीकर उभे करावेत तर पुढचा आवाज आणि मधला आवाज वेगवेगळ्या वेळी कानात शिरून सगळा काला होतो. त्यावर उपाय म्हणजे मधल्या स्पीकरना आवाज मुद्दाम उशिरा द्यायचा, पुढून येणाऱ्या आवाजाशी जुळेल एवढा. जुलै १९७३ ला वॉटकिन्स ग्लेनच्या रेसट्रॅकवर ऑलमन ब्रदर्स, ग्रेटफुल डेड आणि द बँड एकत्र आले होते, लोक होते सहा लाखांच्या आसपास, तिथे हे डिजिटल डिले वापरून केलं होतं. १० डॉलरचं तिकीट होतं पण एवढ्या लोकांचं तिकीट तपासणार कोण, बहुतेक जण तसेच आत. मी तेव्हा शिकत होतो, तिथे गेलो नाही, पण आमच्या डिपार्टमेंटमध्ये त्या डिलेच्या डब्याबद्दल लोक जेवढं बोलत होते तेवढं बँडबद्दल बोलत नव्हते.

आणि मग १९७४ ची ग्रेटफुल डेडची 'वॉल ऑफ साउंड', म्हणजे स्पीकरची भिंत. ही मात्र मी ऐकली आहे, आणि खोटं नाही सांगत, त्यानंतर इतका स्वच्छ आवाज मोकळ्या मैदानात फार क्वचित ऐकला. सहाशेच्या आसपास स्पीकर, पंचाहत्तर टन वजन, आणि सगळी भिंत बँडच्या पाठीमागे. म्हणजे जे प्रेक्षक ऐकतात तेच वाजवणारे ऐकतात. आता माइकच्या मागेच स्पीकर असले तर शिट्टी वाजणार ना? त्यासाठी प्रत्येक गायकाला दोन माइक एकाखाली एक, उलट्या फेजमध्ये जोडलेले, गायचं फक्त एकात. मागच्या भिंतीचा आवाज दोन्हीत सारखा शिरतो आणि एकमेकांना खाऊन टाकतो, गळ्याचा आवाज एकातच जातो म्हणून तो उरतो. इतकं साधं! पण हे सगळं ट्रकमध्ये भरून गावोगाव न्यायचा खर्च एवढा होता की ऑक्टोबर ७४ नंतर बँडने दौरेच थांबवले आणि परत सुरू केले तेव्हा ती भिंत नव्हती.

कानाचं म्हणाल तर कोणी कापूस घालायचं नाही, तो बावळटपणा समजला जायचा. द हू ने ७६ ला लंडनच्या चार्ल्टन मैदानात एवढा आवाज केला की गिनीज बुकात नोंद झाली आणि लोकांना त्याचा अभिमान होता. माझ्या डाव्या कानात अजून बारीक शिट्टी चालू असते.

ओकलंडची_मावशी

सगळे पुरुष आवाज आणि वायरी सांगतायत, मी जरा माणसांचं सांगते. ऑक्टोबर ७६, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचं बेसबॉलचं स्टेडियम, बिल ग्रॅहम या आयोजकाचं 'डे ऑन द ग्रीन'. ग्रेटफुल डेड आणि द हू एकाच दिवशी!! आमच्या ह्यांना या संगीताचा भयंकर तिटकारा, ते घरी बसले आणि मी लॅबमधल्या मैत्रिणींबरोबर गेले, लग्नाला फार दिवस झाले नव्हते आणि मी अशी एकटी जातेय याचं मलाच जास्त अप्रूप होतं.

सकाळीच आत. हिरवळीवर चादरी पसरून लोक असे आडवे पडलेले की जणू सहलीला आलेत, फ्रिस्बी उडतायत, कोणी साबणाचे फुगे सोडतंय, गांजाचा वास तर इतका की वेगळा ओढायची गरजच नव्हती. आधी डेड वाजवले, उन्हात, आरामात, एकातून दुसरं गाणं कधी सुरू झालं कळायचं नाही, मागच्या बाजूला बायका-पोरी गोल गोल फिरत नाचत होत्या आणि मी पण नाचले. अनोळखी बाईने हात धरला आणि ओढलं. तेव्हा साधा रुमालही कोणाकडून मागून घ्यायला मी लाजायचे, त्या मला हे कसं जमलं देव जाणे. मग द हू आले आणि पाचच मिनिटांत माहोल बदलला, सगळं मैदान पुढे सरकलं, चादरी पायाखाली, मी आणि एक मैत्रीण मुकाट्याने स्टँडमध्ये जाऊन बसलो. तिथून ऐकू छान आलं. द हू च्या गिटारवाल्या टाउनशेंडचा हात गरगर फिरताना लांबूनसुद्धा दिसत होता, त्याला स्क्रीनची गरज नाही.

आमच्यातली एक जण नर्स होती, ती 'रॉक मेडिसिन'च्या, म्हणजे कॉन्सर्टमधल्या औषधोपचाराच्या, तंबूत फुकट काम करायची. हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. सॅन फ्रान्सिस्कोतल्या हेट-ॲशबरीच्या फ्री क्लिनिकच्या लोकांनी ७३ मध्ये केझार स्टेडियमच्या कॉन्सर्टपासून ते सुरू केलं. ती सांगायची की एलएसडी या नशेच्या गोळ्या घेतलेले लोकांना वाटतात तेवढे नसतात, खरे पेशंट म्हणजे उन्हाने चक्कर आलेले आणि अनवाणी नाचताना काच लागलेले. आणि ज्याला खरंच एलएसडी चढून भीती वाटायला लागलीय त्याला इंजेक्शन वगैरे नाही, शांत कोपऱ्यात बसवून कोणीतरी त्याच्याशी तासन्‌तास बोलत बसायचं, पोलिसांना बोलवायचं नाही. मला ते फार आवडलं होतं.

बायकांच्या बाथरूमची रांग मात्र विचारू नकोस.

तिरकस_बाण

सगळं छान छान चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो. मी पण गेलोय, आणि माझं स्पष्ट मत आहे की स्टेडियम ही गाणं ऐकायची जागा नाही. ऊन, धूळ, कोमट बिअर, पाण्याला रांग, आणि संध्याकाळी मुख्य बँड येईपर्यंत अर्धी जनता झोपलेली किंवा ओकत असलेली. तेच बँड त्याआधी चार-पाच वर्षं तीन हजारांच्या हॉलमध्ये वाजवत होते तेव्हा चेहरे दिसायचे.

वाजवणाऱ्यांनाही ते आवडत नव्हतं. वर ज्या फ्लॉइडच्या दौऱ्याचं कौतुक झालं, त्याच दौऱ्याचा शेवट ६ जुलैला माँट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये असा झाला की त्यांचा रॉजर वॉटर्स पुढे गोंधळ घालणाऱ्या एका पोराच्या अंगावर थुंकला. मग स्वतःचीच लाज वाटून त्यातून 'द वॉल' हा अल्बम निघाला, म्हणजे प्रेक्षक आणि बँडमधली भिंत. इतकं मोठं करून ठेवलं की समोरचा माणूस नकोसा झाला.

आणि ३ जून १९७७, परत टँपा, परत झेपलिन. तिकिटावर छापलेलं की पाऊस आला तरी शो होणार. पाऊस आला, वीसेक मिनिटांत शो बंद, पब्लिक भडकलं, पोलिसांच्या लाठ्या. विजेची वाद्यं आणि पाऊस एकत्र चालत नाहीत हे तिकीट छापणाऱ्याला माहीत नव्हतं काय? सोनेरी दिवस म्हणताना हे पण आठवा.

सरोवरकाठचा

तिरकसराव, मुद्दे बरोबर आहेत पण तुम्ही गाणं ऐकायला गेलात तिथेच गडबड आहे हो. गाणं घरी रेकॉर्डवर ऐकायचो की, सुई झिजेपर्यंत. स्टेडियमला आपण जायचो ते सगळा दिवस आणि सगळी माणसं यांच्यासाठी. मी त्या वयात, त्या गावात, माझ्या कातडीचा बहुधा एकटाच त्या मजल्यावर असेन, पण त्या दिवशी कोणी मला "तू कुठला" विचारलं नाही, फक्त "पुढे येतोस का, इथून खांब नाही" एवढंच. रोजच्या दिवसात असं फार वेळा होत नव्हतं.

नवखा_गिटारी

मावशी, काका, सगळ्यांचेच आभार, मी हे दोनदा वाचलं. तिरकस काका तुमचं पण पटतंय 😅 तिकिटाचं राहिलं तेवढं सांगा ना कोणीतरी. आणि त्या काळचं मैदानातलं नीट रेकॉर्डिंग कुठलं ऐकू?

तिरकस_बाण

तिकिटं टिकेट्रॉन या तिकीट विकणाऱ्या कंपनीच्या खिडकीवर. मोठ्या दुकानांमध्ये त्यांचे काउंटर असायचे, कॉम्प्युटरला जोडलेले, सकाळी रांगेत उभं राहायचं. जागा न ठरवता तिकिटं विकायची जी पद्धत वर आली तिला 'फेस्टिव्हल सीटिंग' म्हणायचे. ३ डिसेंबर १९७९ ला सिनसिनाटीत द हू च्या शोच्या आधी बंद दारांसमोर ढकलाढकली होऊन ११ जण गुदमरून मेले, तो बंदिस्त हॉल होता पण पद्धत हीच. त्या शहराने लगेच त्यावर बंदी घातली. गेटवरच्या पळापळीचे किस्से मला फारसे गमतीचे वाटत नाहीत ते यामुळे.

ॲम्पदुरुस्ती

रेकॉर्डिंगसाठी क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंगचा ७४ चा दौरा ऐक, जवळजवळ पूर्ण दौरा स्टेडियममध्येच होता, सिॲटलपासून लंडनच्या वेम्ब्लीपर्यंत. त्यातलं निवडक २०१४ ला 'सीएसएनवाय १९७४' नावाने आलंय. बघायचं असेल तर एप्रिल ७४ च्या कॅलिफोर्निया जॅम या कॉन्सर्टमधलं डीप पर्पल बँडचं शोध, त्यांचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर गिटार टीव्हीच्या कॅमेऱ्यात खुपसतो आणि मग ॲम्पचा स्फोट होतो, ठरवलं होतं त्यापेक्षा बराच मोठा. हेडफोनवर नको ऐकूस, स्पीकरवर ऐक, आणि निदान एकदा शेजारच्या खोलीत जाऊन ऐक, म्हणजे मागच्या स्टँडमध्ये काय पोचायचं त्याचा थोडा अंदाज येईल.

ओकलंडची_मावशी

@तिरकस सिनसिनाटीचं लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडे त्या रात्री फोनवर फोन, लॅबमधल्या एकीचा भाऊ त्याच शोला गेला होता. तो सुखरूप होता, आत पोचलेला, आणि बाहेर काय झालं ते त्याला शो संपेपर्यंत माहीतच नव्हतं. बँडलाही नंतरच सांगितलं.