जुळे कार्ब्युरेटर: मागचा ऐकतच नाही

बर्मिंगहॅमजवळ राहतो. १९६७ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), तिला पेट्रोल-हवा मिसळणारे जुळे एसयू एचएस४ कार्ब्युरेटर, मेकॅनिक मीच. थंड असताना इंजिन झकास, गरम झालं की आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) लंगडतं. मागच्या दोन सिलिंडरचे प्लग काळेकुट्ट, पुढचे ठीक. मिक्श्चरचे (पेट्रोल-हवेच्या प्रमाणाचे) नट फिरवून बोटं सोलली. काय चुकतंय?

प्रतिसाद १:
आधी नटांचा नाद सोडा! टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंट आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) जुळवून झालंय ना? मग दोन्ही थ्रॉटल (हवेच्या झडपा) जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प सैल करा, नाहीतर आयडलचा एक स्क्रू फिरवला की दोन्ही हलतात. एअर फिल्टर काढून रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडची फुसफुस सारखी झाली की मगच मिक्श्चर. कार्ब्युरेटरमधला पिस्टन (इंजिनातला नव्हे) जेमतेम एक मिलिमीटर उचला: इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन मरगळलं तर कमी. नट वर नेला की पेट्रोल घटतं. एका वेळी नटाचा एकच पैलू (षटकोनाची एक बाजू) फिरवा, घाई नको.

प्रतिसाद २:
चोक (थंड इंजिनाला पेट्रोल वाढवणारी खुंटी) आत ढकलल्यावर मागच्या कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल येण्याची नळी) पूर्ण वर येतो का? माझा अडकायचा.

प्रश्नकर्ता:
अहो, तोच अडकला होता! बोटाने ढकलला तर टचकन वर गेला. आता नळी लावून बसलोय. बायको विचारते, पेशंटला ताप किती?