पाणी उतरल्यावर दिसणारी घरं कोणाची, कसं शोधायचं?

निमाडवाट: इंदूरकर मंडळी, मे महिन्यात खंडवा जिल्ह्यातल्या बुडालेल्या हरसूदकडे गेलो होतो, नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाचं पाणी खाली गेलं की जुन्या घरांची जोती उघडी पडतात. एका जोत्यात पुरलेलं दगडी उखळ जसंच्या तसं, कडेला गाळाने भरलेलं, बाजूला कवेलूंचे (छपराच्या कौलांचे) तुकडे. 2004 मध्ये धरणासाठी सगळं रिकामं केलं एवढं माहीतये, पण इथे राहायचं कोण?

रामबाग_ताई: भिंती शोधू नका दादा, लोकांनी घरं स्वतःच्या हातांनी पाडली, दारं चौकटी वासे जे निघेल ते ट्रॉलीत घालून नेलं, उखळ राहिलं कारण ते जमिनीत पक्कं होतं. फार वाईट वाटतं हो. छनेऱ्याला नवीन हरसूद वसलंय, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना फोटो दाखवा, विहीर कुठे, चिंच कुठे ते सांगा, लगेच ओळखतील.

जुने_दप्तर: 1961 च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका बघा, गाववार घरं आणि माणसं मिळतात. नावं नाहीत. नावांसाठी तहसीलमधल्या जुन्या खसरा (जमिनीच्या) नोंदी, पण त्यात जमीनवालेच, मजूर नाहीत, म्हणून ताई म्हणतात तेच आधी करा. आणि उखळ तिथेच राहू द्या प्लीज.