शब्दचर्चा: आतड्याचा जोड ‘बरा होतो’, ‘भरतो’ की ‘धरतो’?

रामदासपेठी
धंतोलीतल्या एका सर्जनांसाठी मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर घरच्यांना द्यायचं दोन पानी माहितीपत्रक मराठीत करतेय. ‘आतड्याचं हीलिंग सुधारणारी औषधं’ या मथळ्यावर गाडी अडलीय. ‘बरे होणे’ माणसाला शोभतं, आतड्याला नाही. ‘जखम भरणे’ म्हटलं की खड्डा डोळ्यांपुढे येतो. इथे तर मधला तुकडा काढून दोन टोकं शिवलेली असतात. ‘रोपण’ लिहिलं तर लोक विचारतील, कोणाचं आतडं बसवलं?

पोथीवाला
‘रोपण’चा मूळ अर्थ तुम्हाला हवा तोच होता. आयुर्वेदात व्रण, म्हणजे जखम, आधी शोधायचा, म्हणजे स्वच्छ करायचा, मग रोपायचा. वृक्षारोपण आणि प्रत्यारोपणाने तो शब्द पळवला. सुश्रुताने तर फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांना काळे मुंगळे चावायला लावायचे आणि डोकी तशीच ठेवून धड तोडायचं, असं सांगितलंय. आजच्या स्टेपलरची आठवण होतेच. पण पत्रकात ‘रोपण’ नको, हे मान्य.

मेडिकल चौक
ताई, मी सर्जरी वॉर्डात तीसेक वर्षं सिस्टर होती. तिथं यातला एकही शब्द कोणी बोलत नाही. राउंडला एकच सवाल, “वारा सरला का?” अन् उशाशी बसलेल्या आजीचं उत्तर, “नाही न बाप्पा, पोट टम्म फुगून राहिलं.” तिसऱ्या दिवशी वारा सरला की सगळे खूश, कोणी तर डब्यात पोळी-भाजी घेऊन हजर. त्यांना वाटते टाके पक्के झाले. आतडं *चालू होणं* वेगळं, जोड *धरणं* वेगळं. आमच्याकडं कलम करताना संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, जंभेरी लिंबाच्या खुंटावर भरतात, तेव्हा ‘भरून आला’ म्हणत नाहीत, ‘डोळा धरला का’ विचारतात. रोज पट्टी सोडून पाहिलं तर तो मरते!

टाके आणि गाठी
सिस्टरचा ‘धरणे’ शास्त्रालाही धरून आहे. आतड्याच्या भिंतीत टाका पेलणारा थर म्हणजे आतल्या अस्तराच्या लगेच बाहेरचा, कोलॅजनने भरलेला. पहिले काही दिवस कडेचं जुनं कोलॅजन विरघळत असतं आणि नवं पुरेसं विणलेलं नसतं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमाराला जोड सगळ्यात कच्चा. नेमका तेव्हाच पेशंट उठून बसतो आणि चहा मागतो.

माझा आक्षेप मथळ्यातल्या ‘सुधारणारी’वर आहे. जोड लवकर धरवणारी, खात्रीची गोळी आज आम्हा सर्जनांकडे नाही. अल्विमोपानला अमेरिकेत 2008 मध्ये मान्यता मिळाली, पण ते आतडं *चालू* करण्यासाठी: वेदनाशामक अफूवर्गीय औषधांनी आतड्याला आलेली सुस्ती ते आतड्यापुरती हटवतं. एरिथ्रोमायसिनने आतडं लवकर चालू होईल अशी आशा होती, चाचण्यांत ती टिकली नाही. ऑपरेशनआधी पोट साफ करण्याच्या औषधासोबत तोंडाने अँटिबायोटिक दिलं तर जखमेतला जंतुसंसर्ग कमी होतो, एवढं मात्र भक्कम.

उलट जोड धरण्याच्या *आड येणारी* औषधं ठाऊक आहेत. स्टेरॉइड बराच काळ चालू असणं. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या, त्यांच्याबरोबर जोड लीक होणं जास्त दिसल्याचे अभ्यास आहेत. कॅन्सरचं बेव्हॅसिझुमॅब तर ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान 28 दिवस आधी थांबवतात. घरच्यांनी कंबरदुखीची उरलेली गोळी आपल्या मनाने देऊ नये, हे वाक्य माझ्या मते अख्ख्या पत्रकात मोलाचं.

रामदासपेठी
म्हणजे मथळाच चुकीचा होता. आणि ‘लीक’ला काय? मसुद्यात ‘गळती’ आहे.

पोथीवाला
गळती छपराला, टाकीला. एम-सील लावून थांबेल असं वाटतं. ‘जोड सुटणे’?

टाके आणि गाठी
‘सुटणे’ने दोन्ही टोकं पार वेगळी झाल्याचा भास होतो. बहुतेकदा एका बाजूला बारीक भोक असतं, त्यातून मळ पोटात झिरपतो. ‘पाझरणे’ चालेल?

मेडिकल चौक
पाझर तर देवाच्या डोंगराले फुटते! ‘लीक’च ठेवा, रिक्षावाल्यालेही समजते.

रामदासपेठी
असं केलंय: “वारा सरला म्हणजे आतडं चालू झालं. जोड धरायला आणखी दिवस लागतात. या दिवसांत ताप आला, छातीत धडधड वाढली किंवा पोट पुन्हा ताठरलं, तर जोड लीक झाला असू शकतो; लगेच दवाखान्यात या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी देऊ नका.” मथळा: ‘जोड धरेपर्यंत’.

मेडिकल चौक
मथळा बेस. फक्त ‘ताठरलं’ काढून ‘फुगून राहिलं’ करा. रात्री दोनला फोन करणारा तसंच सांगते.