ट्रेड डॉलर खरा की खोटा, नुसत्या फोटोवरून कसं ओळखायचं? लिलाव संपत आलाय

रुपेरी_छंद
नमस्कार मंडळी. एका ऑनलाइन लिलावात १८७७ चा अमेरिकन ट्रेड डॉलर (चीनशी व्यापारासाठी पाडलेलं चांदीचं नाणं) आलाय, एस मिंटचा, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा, आणि बोली अजून फारशी चढलेली नाही. फोटो दोनच, पुढचा आणि मागचा, तेही लांबून काढलेले. सेलर म्हणतो जुन्या संग्रहातलं आहे, मला नाण्यांतलं काही कळत नाही, फोटो बघून तुम्हीच ठरवा. वजन नुसतं "२७ ग्रॅम" असं लिहिलंय. नाण्यावर चिनी व्यापाऱ्यांचे शिक्के दिसतायत त्यामुळे मला वाटतंय खरोखर व्यापारात फिरलेलं असणार, पण ट्रेड डॉलरच्या नकला खूप असतात असंही सगळीकडे वाचतोय. बोली लावायच्या आधी नेमकं काय बघू? नाणं मनापासून हवंय.

कडेवर_लक्ष
सगळ्यात आधी कडेचा फोटो माग. पुढची-मागची बाजू कुणीही छान बनवतो, पण कड साधणं अवघड असतं. ओतीव नाणं असेल तर कडेवर मधोमध साच्याची जोडरेघ दिसते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा दिसतात, खाचा कुठे उथळ कुठे जाड असतात. खऱ्याच्या खाचा सरळ आणि एकसारख्या, झिजलेल्या असल्या तरी.

दुसरं वजन. "२७ ग्रॅम" चालणार नाही, काट्यावर नाणं ठेवून दोन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा दिसेल असा फोटो पाहिजे. या नाण्याच्या मागेच लिहिलेलं असतं, ४२० ग्रेन, ९०० फाइन, म्हणजे हजारात ९०० भाग चांदी. ४२० ग्रेन म्हणजे २७.२२ ग्रॅम. वापरून झिजलेलं थोडं कमी भरेल, पण २४-२५ भरलं तर विषय संपला, आणि २७.२२ च्या बऱ्यापैकी वर गेलं तरी संपलाच, कारण झिजून नाणं जड होत नाही. व्यास ३८.१ मिमी, तोही मोजून घ्यायला सांग.

ठसा_आणि_छाप
वरचं सगळं बरोबर. त्यात भर घालतो, कारण शिक्क्यांमुळे खरं वाटतंय असं तू लिहिलंयस आणि तिथेच लोक फसतात. चिनी व्यापारी चांदी तपासून आपला शिक्का मारायचे हे खरं, पण आज नकली नाण्यांवरही ते शिक्के असतात. खऱ्या शिक्क्यात धातू दाबला जाऊन बाजूला सरकलेला असतो, शिक्क्याची कड धारदार असते, आणि बहुतेक वेळा त्याच जागी पाठीमागे नक्षी चेपलेली सापडते. शिक्का साच्यातूनच ओतला गेला असेल तर कड गुळगुळीत, बुळबुळीत दिसते आणि पाठीमागे काहीच फरक नसतो. तेव्हा शिक्क्यांचा जवळून काढलेला फोटो माग.

आता १८७७ ची खास गोष्ट. ट्रेड डॉलरच्या मागच्या बाजूचे दोन प्रकार आहेत. सुरुवातीच्या प्रकारात गरुडाच्या नखाखाली फांदीला एक बारीक फळ आहे, नंतरच्या प्रकारात ते काढून टाकलं. पहिला प्रकार १८७६ ला संपला. म्हणजे १८७७ साल आणि नखाखाली फळ अशी जोडी दिसली तर पुढे काही बघायचीच गरज नाही. नकला करणारे एकच मागची बाजू सगळ्या सालांना जोडतात म्हणून हे फार सापडतं. आणि १८७३ च्या आधीचा ट्रेड डॉलर नसतोच, तरी तसलीही साल टाकलेली नाणी बिनधास्त विकायला येतात!

मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचंच दुसरं चांदीचं नाणं, त्यालाही तेच, १८७८ ते १९०४ आणि मग थेट १९२१, मधलं साल दिसलं की सोडून द्यायचं. महागड्या १८९३ एस मध्ये तर साध्या १८९३ वर एस चिकटवलेला असतो, पण खऱ्या १८९३ एस ची पुढची बाजू एकाच ठशातून निघालीय आणि लिबर्टी शब्दातल्या टी च्या माथ्यावर एक तिरकी बारीक रेघ असते. ती नसेल तर हात लावू नकोस.

सावध_बोली
नाण्याइतकंच सेलरकडे बघा रे. त्याची बाकीची लिस्टिंग उघड, आधी विकलेली पण. तेच साल, तेच नाणं परत परत विकत असेल तर फोटो शेजारी शेजारी ठेव. दोन नाण्यांवर अगदी त्याच जागी तोच ओरखडा किंवा तोच ठोका असेल तर दोन्ही खोटी, कारण एका नाण्यावरून ठसा केला की त्याचे ओरखडेसुद्धा प्रत्येक नकलेवर उतरतात. मला हा पुरावा सगळ्यात पक्का वाटतो, यावर सेलरला बोलायला जागा राहत नाही.

डबीत सीलबंद आणि ग्रेड केलेलं असलं तरी निर्धास्त होऊ नका, पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या कंपन्यांच्या डब्यांच्याही नकला होतात. डबीवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकला की बरोबर निघतो कारण तो खऱ्या नाण्याचाच उचललेला असतो. साइटवर फोटो असेल तर डाग न् डाग जुळवून बघायचा. आणि लिलावाच्या साइटच्या बाहेर पैसे पाठव, स्वस्तात देतो असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबायचं, बाहेर पैसे दिले की तक्रार ऐकायला कोणी नसतं.

रुपेरी_छंद
खूप आभार सगळ्यांचे. नखाखाली फळ आहे का ते या फोटोत कळत नाहीये, मोठं केलं की फुटतो. जवळचे फोटो, कड आणि काट्याचा फोटो मागितलाय. समजा सगळं ठीक निघालं आणि नाणं हातात आलं तर घरी कसं तपासू? ॲसिड टाकून बघतात ना?

कडेवर_लक्ष
ॲसिड अजिबात नको!! खरं निघालं तर कायमचा डाग पडेल. पाण्यात घनता काढ, नाण्याला काही होत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घे, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य कर, नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असं पाण्यात लोंबकळव, तळाला आणि काचेला लागू देऊ नकोस, बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच हलवून घालव. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भाग. ९०० च्या चांदीला १०.३ च्या आसपास यायला हवं, म्हणजे २७.२२ ग्रॅमच्या नाण्याला काट्यावर साधारण २.६४ दिसेल. वजन तेवढंच पण आतून जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला मिश्रधातू) असेल तर ३.१ च्या घरात जाईल, आणि ते नाणं हाताला जाडही लागेल. नंतर पुसताना घासू नकोस, मऊ कापडाने नुसतं टिपून घे.

लोहचुंबकाला चिकटलं नाही म्हणजे चांदी असं मात्र धरू नकोस, तांबं-पितळही चिकटत नाही. चिकटलं तर खोटं, एवढंच त्यातून कळतं.

सावध_बोली
आणि पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढ, लेबलपासून काट्यावरच्या वजनापर्यंत एकाच शॉटमध्ये. रिटर्नची मुदत आधी वाचून ठेव आणि त्या मुदतीतच घनता काढ, नाणं कपाटात ठेवून नंतर बघू असं करू नकोस. कडेचा फोटो द्यायला तो टाळाटाळ करायला लागला तर बोलीच लावू नकोस, १८७७ एस काही दुर्मीळ नाही, त्या वर्षी ९० लाखांच्या वर पाडले होते, दुसरं मिळेल.